आप्पांचं स्टिकर

झरी, ता. परभणी
१७ नोव्हेंबर २०२४

महांतेशदादास शरणार्थ.

हातात फोन असताना स्वप्ना पत्र कशाला लिहायलीय, असं तुझ्या मनात आलंच असेल. फोनवर लिहिलेलं कुठे जाऊन पडेल याचा मला आता भरवसा राहिलेला नाही. म्हणून कागद. उत्तरही कागदावरच पाठव. फोनवर मी तुला बंद केलं आहे, ते चुकून झालेलं नाही.

काल परभणीला कॉलेजात होते. सरांनी वर्गाच्या ग्रुपवर कळवलं की उद्या सकाळी जादा तास आहे. त्यावर राजेश्रीने एक स्टिकर टाकलं. राजेश्री माझ्याच बाकावर बसते, मनाने चांगली मुलगी आहे. स्टिकरमध्ये एक म्हातारा माणूस मांडी घालून बसलेला. डोक्याला पटका, कपाळभर विभूती, गळ्यात हार, डोळे मिटलेले. पाठीमागे ज्वाळा हलत होत्या. खाली लिहिलं होतं, "आज काय उठत न्हाई."

दादा, ते आपले आजोबा होते. आपले आप्पा.

आपल्यात माणूस गेला की त्याला बसवतात, सजवतात, हे राजेश्रीला कुठून ठाऊक असणार? तिला वाटलं, कुणाचे तरी आजोबा बसल्या बसल्या पेंगलेत. मी विचारलं, "हे कुठून आणलंस?" तर म्हणाली, "अगं, सगळीकडं आहे! बॉस आजोबा. माझा भाऊ गेम खेळतो ना, त्यांच्यात शेवटचा राक्षस मेला की हे टाकतात. लय गोड आहेत न्हाई?"

मी नळावर जाऊन हात धुतले. हाताला काहीच लागलेलं नव्हतं, तरी साबण मागून घेऊन धुतले.

मग नीट पाहिलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात "डरकाळी" असं लिहिलं आहे. तुझ्या खेळाच्या ग्रुपचं नाव तेच ना?

मी तुझ्यावर आळ घेत नाही. पण माझं म्हणणं स्पष्ट लिहिते, म्हणजे नंतर "मला कळलंच नाही" असं व्हायला नको. जानेवारीत आप्पांचं पहिलं पुण्यस्मरण आहे. सगळे पाहुणे, सगळं गाव येणार. त्याच्या आत हे बंद कर. तुझ्या लोकांना सांग की हा माणूस कोण होता. मला पाचवीपर्यंत शाळेत न घालता आप्पांनी ओसरीवर बसवून शिकवलं. माझं पहिलं अक्षर त्यांनी हात धरून गिरवून घेतलं आहे. त्या माणसाचं मेलेलं तोंड लोक आळस आला म्हणून एकमेकांना पाठवतात, हे मला सहन होत नाही.

घरी कुणाला सांगितलेलं नाही, माझ्या बाबांनाही नाही आणि तुझ्या आईलाही नाही.

स्वप्ना


हैदराबाद
२५ नोव्हेंबर २०२४

मास्तरीणबाईंना शरणार्थ.

पोस्टाची पेटी शोधायला मला फोनचाच नकाशा लागला, हे आधी कळवतो. पेटीवर रसवंतीवाल्याने ओलं फडकं वाळत घातलं होतं. त्याने विचारलं, "क्या भाई, कोर्ट का काम है?"

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण ते आमच्या ग्रुपमध्ये कसं आलं मला माहीत नाही. फोटो आपल्या घरच्या ग्रुपवर होता. बजरंगभावजींनी कुठं तरी पुढं ढकलला असेल. देवाचे आणि मयताचे फोटो मिळाले की त्यांचा अंगठा थांबतो का? आप्पा गेले त्या दिवशी मी तर गाडीत होतो, रेंज नव्हती. तुला माहीत आहे.

आणि एक समजून घे. स्टिकर एकदा सुटलं की कुणाच्या हातात राहत नाही. बंद करायला मी काय कलेक्टर आहे? शिवाय लोक आप्पांची टिंगल करत नाहीत गं. त्यांना आवडलेत ते. ज्यांना आप्पा कोण हे माहीत नाही अशी हजारो माणसं त्यांना बघून हसतात, हे इतकं वाईट आहे का?

गेम खेळणारे म्हणजे वाया गेलेले, हे तुझ्या पत्रात न लिहिताही दिसतं. मला इथं डेंगू झाला होता तेव्हा माझ्या कंपनीतलं कुणी आलं नाही. पूर्णेचा सिद्धोधन आला. त्याची-माझी ओळख फक्त गेममधली, तोंडही पाहिलं नव्हतं. आठवडाभर डबा आणून दिला त्याने, आणि मी खात नाही म्हणून शिव्या दिल्या. हे पण ऑनलाइनच मिळालेलं माणूस आहे.

जरा सैल सोड. आप्पा असते तर हसले असते.

तुझा दादा


झरी
४ डिसेंबर २०२४

महांतेशदादास शरणार्थ.

बजरंगभावजींना विचारायला मी निघालेच होते. पायात चप्पल घातली होती. मग वाटलं, नक्की माहीत नसताना माणसाला असं विचारणं बरं नाही. म्हणून आधी तुझ्या ग्रुपची जुनी रेकॉर्डिंगं पाहायला बसले. ती सगळ्यांना उघडी आहेत.

काय ऐकलं ते लिहायला पेन रेटत नाही. आई-बहिणीवरून शिवी दिल्याशिवाय तुमच्यातल्या कुणाचं वाक्य संपत नाही. एक मुलगी बोलायला आली, तर तिचं नाव विचारायच्या आधी तिला काय काय विचारलं! आणि तू त्या ग्रुपचा मालक, "ए, जाऊ द्या रे" एवढंच म्हणालास, तेही हसत. मला वाटायचं खेळ म्हणजे बंदुका, पळापळ. ते तर नावाला आहे. उकिरड्यावर बसून एकमेकांवर घाण उडवायची आणि वरून लोकांनी बघावं म्हणून दिवा लावायचा, असं आहे ते. मध्येच बंद करावंसं वाटलं. पण मी थांबले नाही, कारण अर्धं बघून मत बनवणं बरोबर नाही.

मग तो दिवस सापडला.

तू गाडीत नव्हतास.

तुझ्या पडद्यावर खेळ चालू होता. वरून बाबांचा मेसेज घसरत आला. तू तो दाबलास आणि आप्पा सगळ्या पडद्यावर आले. कुणीतरी ओरडलं, "आयला, हा कुठल्या लेव्हलचा बॉस?" तू म्हणालास, "थांबा रे, घरचं आहे." दुसरा म्हणाला, "उठंल का बे हा?" आणि तू म्हणालास, "आज काय उठत न्हाई."

तुझाच आवाज आहे. अन्याय नको व्हायला म्हणून मी परत परत ऐकलं. तू हसलास. फोटो बाजूला सारलास आणि खेळायला लागलास.

दादा, तो फोटो बाबांनी फक्त तुझ्यासाठी काढला होता. "पोरगं गाडीत अडकलंय, त्याला निदान तोंड तरी दिसू दे," म्हणून. तू येशील म्हणून त्यांनी आप्पांना उचलू दिलं नव्हतं. विधीला आलेले स्वामी घडी घडी उन्हाकडे बघत होते. तुझी आई दारातून रस्त्याकडे बघत होती. शेवटी बाबाच म्हणाले, "चला, गाडीचं काय खरं नसतं."

स्टिकर दुसऱ्या कुणी केलं असेल. वाक्य तुझं आहे.

स्वप्ना


हैदराबाद
२३ डिसेंबर २०२४

स्वप्ना,

काय लिहू? तू ऐकलंस ते खरं आहे.

सकाळीच काकांचा फोन आला होता. त्या दिवशी आमची फायनल होती. म्हटलं एवढी संपवतो आणि दुपारची गाडी धरतो. घरी गेल्यावर जे बघावं लागणार होतं त्याच्यापासून जेवढा वेळ मिळेल तेवढा हवा होता, हे पण खरं आहे. ते हसू कुठून आलं मला माहीत नाही. तोंड हसलं. त्यानंतर पडद्यावर समोरचा कोण तेच मला कळेना, पुढचा डाव मी हरलो. ते कुणाला दिसत नाही.

ते रेकॉर्डिंग मी आता काढून टाकलं आहे.

लोकांना सांगायचं म्हणतेस. कसं सांगू? तुला ते लोक उकिरडा वाटतात, पण मला दिवसभरात माझ्या नावाने हाक मारणारे तेवढेच आहेत. मी रडवेला होऊन काही सांगायला गेलो तर ते काय करतील मला चांगलं ठाऊक आहे. दुसऱ्याच्या बाबतीत मीच केलेलं आहे.

काकांना सांगू नकोस. पुण्यस्मरणाला येतो. त्यानंतर बघू.

महांतेश


झरी
६ जानेवारी २०२५

महांतेशदादास शरणार्थ.

रेकॉर्डिंग काढून टाकलंस. म्हणजे आप्पांचं तोंड गावभर फिरायला मोकळं आणि तुझं तेवढं झाकलं गेलं. हे तुला सुचलं कसं, याचंच मला नवल वाटतं.

पण आज वेगळंच लिहायचं आहे. गेल्या आठवड्यात बाबा फोन नाचवत घरात आले. "स्वप्ना, हे बघ! आप्पाचा फोटो कुणीतरी काय झकास केलाय!"

तेच स्टिकर. समाजाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेलं. खालचं वाक्य कुणी कापलं देव जाणे, पण ज्वाळा तशाच होत्या.

"मागं तेज कसं दावलंय बघ. देवाच्या मागं असती तशी प्रभावळ. आपल्या आप्पाला इतकं मानणारं कोण हाय हे?"

मी म्हटलं, "बाबा, तो फोटो नको. घरात दुसरे आहेत."

"दुसऱ्यात तेज कुठंय? दुसऱ्यात ते दुकानात बसल्यावानी दिसायलेत."

तुझी आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "कोपऱ्यात नाव पण हाय, डरकाळी. स्टुडिओ असंल परभणीचा. त्यांना पुण्यस्मरणाचं आवतन धाडा."

दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन परभणीला गेले आणि फ्लेक्स करायला टाकला. चांगला मोठा, फाट्यावर लावायला. फ्लेक्सवाला तरुण होता. फोटो उघडताच त्याला हसू फुटलं. "काका, हा तर बॉ..." म्हणाला आणि माझ्याकडे बघून गप्प झाला. मग खाली मान घालून "भावपूर्ण आदरांजली" टाइप करत बसला. त्याला लाज वाटली. अनोळखी माणसाला वाटली, दादा.

मी का बोलले नाही? येताना बसमध्ये बाबा म्हणाले, "आप्पानं जन्मभर कधी स्वतःचा फोटो कुठं लावू दिला न्हाई. आता फाट्यावर सगळी दुनिया बघंल." त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता की माझी जीभ उचलली नाही. आणि आता न बोलल्यामुळे मीही तुमच्यातलीच झाले आहे. रोज उठले की अंगावर काहीतरी चिकट असल्यासारखं वाटतं.

तू ये. काय करायचं ते तू कर.

स्वप्ना


झरी
२४ जानेवारी २०२५

महांतेशदादास शरणार्थ.

तू निघून गेलास तेव्हा मी तुझ्या पाया पडायला बाहेर आले नाही. का, ते तुला कळलं असेल. तरी लिहिते.

पुण्यस्मरणाच्या सकाळी तू फाट्यावर उतरलास आणि समोर फ्लेक्स होता. माणसाहून उंच आप्पा, मागे आग. तुझ्या आईने एका पोराला शिडीवर चढवून फ्लेक्सला विभूती लावून घेतली होती, खाली नारळ फोडला होता. तू बॅग खाली ठेवलीस. मला वाटलं, आता हा फ्लेक्स उतरवेल. तू नमस्कार केलास आणि बॅग उचललीस.

तेही मी सोडून दिलं असतं. वाट्याला आलेला नमस्कार कुणीही करेल.

मांडव फाट्याजवळच घातला होता. जेवणाच्या वेळी दोन तरुण मोटारसायकलवर आले. आपल्या गावचे नाहीत. फ्लेक्ससमोर थांबले आणि पोट धरून हसायला लागले. "अबे, खराच हाय की बॉस! गावच सापडलं!" मग दोघांनी आप्पांसारखी मांडी घातली, डोळे मिटले, जीभ बाहेर काढली आणि फोटो घेतला. मुंजाजीमामा पंगतीतून उठून विचारायला गेले, "कोण पाव्हणे? जेवून जा." त्यांना वाटलं दर्शनाला आलेत. त्या दोघांनी मामांच्या पाया पडून घेतलं आणि मामांची पाठ वळताच परत हसले.

तू मांडवाच्या दारात उभा होतास. तू त्यांना पाहिलंस. त्यांनी तुला पाहिलं आणि हात वर केला, ओळखीचा. तू वरणाची बादली उचललीस आणि पंगतीत वाढायला निघून गेलास. "वरण घ्या, वरण घ्या" करत, मोठ्या आवाजात.

मला त्या दोघांची तेवढी किळस आली नाही.

त्यांना आप्पा कोण ते माहीत नव्हतं. फ्लेक्सवाल्यालाही नाही, राजेश्रीलाही नाही. ज्याला माहीत होतं तो वरण वाढत होता.

आता शेवटचं. ज्या तोंडाने, ज्या जागी ते वाक्य बोललास, त्याच जागी सांग. एवढं होईपर्यंत मला पत्र पाठवू नकोस. बाबांना मी सांगेन, पण तुझ्या आधी नाही. ती संधी तुझी आहे. ती मी घेणार नाही.

फ्लेक्स मी उतरवून घेतला. तुझी आई कडब्यावर झाकायला मागत होती. दिला नाही.

स्वप्ना


हैदराबाद
१९ फेब्रुवारी २०२५

स्वप्ना,

सांगितलं.

आठ-दहा दिवस झाले, रविवारी सगळे जमतात तेव्हा. आधी थोडं खेळलो, नेहमीसारखा नाही दिसलो तर लोक निघून जातात. मग खेळ थांबवला, कॅमेरा चालू केला आणि म्हणालो, तुम्ही सगळे ज्यांना बॉस म्हणता ते सांबप्पा, माझे आजोबा. फोटोत ते झोपलेले नाहीत. ते गेल्यानंतरचा फोटो आहे. आमच्यात असं बसवतात. तो मला पाठवला होता कारण मी घरी गेलो नव्हतो, आणि गेलो नव्हतो कारण इथं तुमच्यात बसलो होतो. ते वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणाचं नाही.

एवढं नीट बोललो. मग पुढं बोलता येईना. आप्पा मला उन्हाळ्यात मोटेच्या विहिरीवर पोहायला शिकवायचे, ते सांगायचं होतं. तिथपर्यंत पोचलोच नाही. रडायलाच लागलो, नाक गळेपर्यंत. कॅमेरा बंद करायचंही सुचलं नाही.

एकाचीही शिवी आली नाही. मला वाटलं, झालं, समजलं त्यांना. सिद्धोधन म्हणाला, "भावा, माफ कर. मी पण लय वेळा टाकलंय ते." आणि तो ग्रुपमधून निघून गेला. रात्री त्याचा फोन आला, जेवलास का विचारायला.

मग कुणीतरी म्हणालं, "ॲक्टिंग भारी." दुसरा म्हणाला, "परत कर, रेकॉर्ड करायचं राहिलं." ते खोटं होतं. राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या ग्रुपवर सुट्टी नामंजूर झाल्याची तक्रार कुणीतरी केली आणि त्याखाली मी होतो. तोंड वाकडं, नाक वाहतंय, हलतोय. खाली लिहिलंय, "आजोबाऽऽ". टाकणाऱ्याने मला ओळखलं नाही. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर होतो.

आता सगळीकडं तेच चाललं आहे. आप्पांचं कुणी टाकत नाही. विचारलं तर म्हणतात, जुनं झालं.

तुला हेच हवं होतं, असं मी म्हणत नाही. तुला हवं होतं ते झालं आहे, एवढं कळवतो. डरकाळी मी बंद केली. दुसऱ्या दिवशी त्याच नावाने दुसऱ्याने चालू केली.

आता काकांना सांग. मला फोनवर बोलायचं धाडस नाही.

महांतेश


झरी
२७ फेब्रुवारी २०२५

दादास शरणार्थ.

तुझं पत्र आलं तेव्हा बाबा हरभऱ्याच्या राशीवर होते. संध्याकाळी सांगायचं ठरवून मी मनाशी वाक्यं जुळवत होते. तेवढ्यात ते घरी आले आणि चहा घ्यायच्या आधीच फोन माझ्यापुढे धरला.

"स्वप्ना, हे बघ गं. मला चष्म्यातून नीट दिसंना. हा आपला महांतेश हाय का?"

समाजाच्या ग्रुपवर आलं होतं. मंगल कार्यालयाची तारीख मिळाली नाही म्हणून कुणीतरी टाकलेलं. खाली हसण्याची चित्रं, एकाखाली एक.

खरं सांगते, तुला तसं बघून मला पहिल्यांदा शिसारीच आली. तुझी नव्हे. ज्यांनी ते तोंड कापून, पुसून, हलतं केलं त्यांच्या हातांची. कुणीतरी बसून हे काम नीट केलं आहे, नाकातलं पाणीसुद्धा नीट दिसेल असं. मग मला हेही दिसलं की तुझ्यावर मी जो राग धरून होते, तो ठेवायला आता जागा उरलेली नाही.

मी म्हटलं, "हो बाबा, महांतेशदादाच आहे."

आणि सगळं सांगितलं. गाडी, खेळ, फोटो, ते वाक्य, त्या ज्वाळा खेळातल्या राक्षसाच्या होत्या ते, फ्लेक्सवाला का हसला ते. काही गाळलं नाही, माझं गप्प बसणंही नाही. तुझी आई चुलीपाशी ऐकत होती. तिने मध्येच भाकरी थापायची थांबवली आणि परत सुरू केली.

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "म्हंजी फाट्यावर आपण आप्पाचा तमाशा लावला." मी म्हटलं, "तुम्ही नाही लावला." त्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यांनी फोन परत उचलला. ते स्टिकर आपोआप सारखं हलत राहतं ना, तसं ते हलत होतं. तुझं तोंड वाकडं व्हायचं, सरळ व्हायचं, परत वाकडं. मी म्हटलं, "द्या इकडे, पुसून टाकते. ग्रुपमधूनही बाहेर पडू."

त्यांनी फोन दिला नाही.

"आप्पासाठी रडायलाय का त्यो ह्याच्यात?"

"हो."

"मग ऱ्हाऊ दे," बाबा म्हणाले. "त्या दिवशी कुणाला दिसला न्हाई. रडू दे त्याला."

स्वप्ना